सेकंदकाटा विसरलात की होणाऱ्या चुका : नव्या ईएमटींसाठी

बडोद्यात अ‍ॅम्ब्युलन्सच्या गाडीवर ईएमटी, म्हणजे वाटेत तातडीचे उपचार करणारा कर्मचारी, व्हायला शिकायला येणाऱ्या पोरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो, मनगट मात्र मोकळं. विचारलं तर म्हणतात, "सर, मोबाईल आहे ना." मोबाईल खिशात, हातात रक्ताने भरलेले ग्लोव्हज. बघणार कधी? म्हणून मी आधी सेकंदकाट्याचं साधं घड्याळ आणायला लावतो. शिकाऊ ईएमटीच्या बहुतेक चुका वेळ अंदाजाने धरल्याने होतात, असं माझं ठाम मत आहे.

श्वासांचंच घ्या. फॉर्मवर पाहावं तर प्रत्येक पेशंटचा श्वास मिनिटाला १६. दम्याचा असो, ताप असो, पडलेला असो, १६! हा मोजलेला नसतो, भरलेला असतो. कोणी मोजलाच तर पंधरा सेकंद बघून चारने गुणतो. मग एका श्वासाची चूक चाराची होते. शिवाय "श्वास मोजतो हं" असं सांगितलं की पेशंटचा श्वास लगेच बदलतो. त्यापेक्षा नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून ठेवा आणि नजर छातीवर ठेवा. किमान तीस सेकंद मोजा, लय अनियमित असेल तर पूर्ण मिनिट. नाडी अंगठ्याने बघू नका, आपल्याच अंगठ्याची लागते.

श्वास बंद असेल तर उलट चूक होते. घाबरलेला हात अंबू बॅग (तोंडावर मास्क लावून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) भराभर दाबत सुटतो. नाडी लागत असलेल्या मोठ्या माणसाला सहा सेकंदांत एक श्वास पुरतो. बॅग सेकंदभर दाबायची, छाती उचललेली दिसली की सोडायची. भराभर हवा भरली तर छातीतला दाब वाढून हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं, पोटात हवा जाऊन उलटी होते, आणि ती उलटी फुप्फुसात. मोठ्याने आकडे म्हणा, लाज वाटू देऊ नका.

अधूनमधून उचकीसारखा घोरल्यागत श्वास येत असेल तर घरचे "श्वास चालू आहे" म्हणतात आणि नवा मुलगाही फसतो. प्रतिसाद नाही, दहा सेकंदांत नाडी लागत नाही, तर छाती दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदला. थकलेला माणूस कधीच सांगत नाही की मी थकलोय. बडोद्याच्या बाजवाड्यातल्या जुन्या घरात जिना अरुंद, गाडी गल्लीच्या तोंडाशी. पायलट, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, म्हणतो, चला उचला. जिन्यावरून नेताना नीट दाबता येत नाही. जिथे पेशंट पडलाय, तिथेच जमिनीवर सुरू करा.

लकव्याच्या केसमध्ये माझीच एक चूक सांगतो. आजोबांचं तोंड वाकडं, उजवा हात लुळा. सून म्हणाली, "हमणां ज." मी हॉस्पिटलात जाऊन सांगितलं, आत्ताच झालंय. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, सुनेला ते आत्ताच दिसले होते, नीट बोलताना कोणी पाहिलं होतं ते आदल्या रात्री. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं, आणि हे तास माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून धरतात. तेव्हा "कधी झालं?" असं विचारूच नका. "शेवटचं नीट बोलताना कोणी पाहिलं, आणि तेव्हा किती वाजले होते?" असं विचारा. आणि साखर तपासल्याशिवाय लकवा म्हणू नका. साखर उतरली की हुबेहूब असंच चित्र दिसतं.

ऑक्सिजनचं गणित सोपं आहे, तरी चुकतं. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर मावतो. मिनिटाला दहा लिटर चालू असेल तर दीडशे मिनिटं. सिलिंडर अर्धा असेल तर सव्वा तास. छोटा उदेपूरहून बडोदे शंभरेक किलोमीटर. निघायच्या आधी सिलिंडरचा काटा बघा, वाटेत नाही.

घशातली लाळ-उलटी ओढून काढायची सक्शनची नळी दहा सेकंदांपेक्षा जास्त आत नको. आपला श्वास रोखून धरा, आपोआप समजतं.

उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस मात्र वेगळे. मांजाने मान कापलेल्या स्कूटरवाल्याच्या गळ्याभोवती पट्टी गुंडाळायचा मोह होतो. गुंडाळू नका, श्वास अडकतो. जखमेवर ग्लोव्हजच्या बोटांनी थेट दाबा आणि दाब सोडू नका. मानेच्या उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ शकते, म्हणून जखमेवर हवाबंद ड्रेसिंग लावून पेशंटला सपाट झोपवा. हातापायातून रक्त दाबूनही थांबत नसेल तरच टूर्निके (रक्त थांबवायला घट्ट आवळायचा पट्टा), जखमेच्या वर पाच-सात सेंटिमीटर, सांध्यावर नाही. आवळलेली वेळ टूर्निकेवरच पेनाने लिहा. तोंडी सांगितलेली वेळ कॅज्युअल्टीच्या गर्दीत हरवते.

घड्याळाला पट्टा चामड्याचा नको, तो रक्त पितो आणि धुता येत नाही. रबरी घ्या, नाहीतर नर्स लावतात तसं खिशाला पिनेने अडकवा.