जाहीरनामा समिती सोलापुरात येण्याआधी: तयारीची यादी

विधानसभेला सहा-आठ महिने उरले की राज्यातल्या पक्षांच्या जाहीरनामा समित्या जिल्हे फिरायला लागतात. सोलापुरातही येतात. एखाद्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या जातात, यंत्रमागधारक, विडी कामगार, कांदा-डाळिंबवाले शेतकरी, व्यापारी, शिक्षक अशा सगळ्यांना बोलावणे जाते आणि प्रत्येकाच्या हातात तीन मिनिटांपुरता माईक येतो. मागच्या खेपेला तो माझ्याही हातात आला होता. अक्कलकोट रोडच्या तीन लहान टॉवेल कारखान्यांचे हिशेब मी लिहितो, त्यामुळे सांगण्यासारखे पुष्कळ होते. पोटतिडकीने बोललो, जीएसटी कमी करा म्हणालो. समोरचे गृहस्थ म्हणाले, "हा विषय एकट्या राज्याच्या हातातला नाही," आणि माईक पुढच्या रांगेत गेला. त्यांचे म्हणणे खरे होते. मी तयारी न करता गेलो होतो, आणि वाया गेलेली ती तीन मिनिटे माझ्या गल्लीतल्या सगळ्यांची होती. तेव्हापासून बैठकीच्या आधी काय काय करायचे ते मी वहीत लिहीत आलो. पक्ष कोणताही असो, तयारी हीच लागते.

सुरुवात जुन्या जाहीरनाम्यांपासून करा. जो पक्ष येणार आहे त्याचा मागचा जाहीरनामा छापून घ्या, समोरच्या पक्षाचाही घ्या. 20 नोव्हेंबर 2024 च्या मतदानाआधीचे कागद अजून सहज मिळतात. भाजपच्या संकल्पपत्रात लाडक्या बहिणींचे 1500 रुपये 2100 करण्याचे, शेतकरी कर्जमाफीचे आणि 25 लाख रोजगारांचे वचन होते. महाविकास आघाडीच्या महाराष्ट्रनाम्यात महिलांना दरमहा 3000 रुपये, 3 लाखांपर्यंत कर्जमाफी, नियमित फेडणाऱ्यांना 50 हजारांचे प्रोत्साहन आणि बेरोजगार तरुणांना दरमहा 4000 रुपयांपर्यंत मदत होती. हातात पेन घेऊन वाचा. जिथे रक्कम आहे तिथे रेघ मारा, जिथे तारीख आहे तिथे गोल करा. गोल फार थोडे होतात, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. बैठकीतला पहिला प्रश्न तिथेच सापडतो.

दुसरा कागद निवडणूक आयोगाचा. 5 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात निकाल दिला. जाहीरनाम्यातले वचन हा कायद्याने भ्रष्टाचार ठरत नाही, पण आयोगाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे करावीत, असे त्यात सांगितले. त्यानंतर आचारसंहितेत जाहीरनाम्यावर स्वतंत्र भाग आला. वचनामागचे कारण पक्षाने सांगावे आणि ते पुरे करायला पैसा कुठून आणणार हे ढोबळमानाने तरी दाखवावे, अशी त्यात अपेक्षा आहे. हे पान झेरॉक्स करून फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. "पैसा कुठून आणणार?" हा प्रश्न विचारताना बऱ्याच जणांना संकोच वाटतो, आपण फार उद्धट बोललो की काय असे वाटते. हा कागद जवळ असला की आवाज आपोआप स्थिर राहतो.

आता आकडे. यावर एक संध्याकाळ पुरती खर्च करा, मी तर दोन करतो. राज्याचा अर्थसंकल्प मराठीत उपलब्ध असतो. सगळे खंड वाचायची गरज नाही, "अर्थसंकल्प संक्षेपात" एवढा घ्या. 10 मार्च 2025 रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात 2025-26 साठी महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी आणि महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी धरला होता. तूट 45 हजार 891 कोटींची. लाडकी बहीण योजनेसाठी तरतूद होती 36 हजार कोटींची. आता घरी बसून गुणाकार करा. 1500 रुपयांप्रमाणे एका बहिणीचे वर्षाचे 18 हजार होतात. 36 हजार कोटींत अशा 2 कोटी बहिणी बसतात. तेवढ्याच बहिणींना 2100 द्यायचे म्हटले तर 50 हजार 400 कोटी, 3000 द्यायचे म्हटले तर 72 हजार कोटी. हा हिशेब मी आमच्या गल्लीतल्या बायकांसमोर खडूने फरशीवर मांडला. त्यातल्या एका अक्कांच्या घरचे औषधपाणी याच 1500 वर चालते. त्या म्हणाल्या, "पैसे बंद करा असं मी म्हणणार नाही. पण वाढवणार असतील तर कुठलं कमी करणार ते मला सांगू दे." बैठकीत मांडायला याहून नेमका प्रश्न मला अजून सुचलेला नाही.

पैसा कुठून, याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा चोख दिले होते, तेही फाइलमध्ये असू द्या. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या, नालाबांध घालणाऱ्या बायाबापड्यांची मजुरी कशातून द्यायची यासाठी शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर 1975 साली व्यवसाय कर बसवला. आजही पगाराच्या पावतीवर महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, वर्षाचे 2500. राज्यघटनेने घातलेली कमाल मर्यादाच तेवढी आहे. माझ्या कारखान्यांतल्या सुपरवायझरांच्या पावत्या मीच करतो, दर फेब्रुवारीत कोणीतरी विचारतेच, हे शंभर जास्त का? मी त्यांना सांगोला-मंगळवेढ्याच्या दुष्काळी कामांबद्दल सांगतो. ज्या वचनाला नाव घेऊन कर जोडलेला आहे, ते सरकारे बदलली तरी टिकते. समितीला हे उदाहरण जरूर द्या.

यानंतर आपल्या मागण्या घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा: हे काम केंद्राचे, राज्याचे की महापालिकेचे. माझी चूक इथेच झाली होती. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते, निर्णयाला तीन चतुर्थांश लागते. म्हणून "जीएसटी कमी करा" असे राज्यातल्या पक्षाला सांगून उपयोग नाही. "तुमचा अर्थमंत्री परिषदेत टॉवेल-चादरीसाठी कोणती भूमिका मांडेल ते जाहीरनाम्यात लिहा," असे सांगितले तर उत्तर टाळता येत नाही. उसाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवते, पण 14 दिवसांत पैसे दिले नाहीत तर कारखान्यावर कारवाई करायची ती राज्याच्या साखर आयुक्तांनी. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच, त्याने तो योग्य दारात विचारावा एवढेच.

यंत्रमागवाल्यांनी विजेचे बिल सोबत आणावे. खरे बिल आणावे, आपल्या कामाच्या डागांसकट. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात. पहिल्या चार ओळी विद्युत नियामक आयोगाच्या दरनिश्चितीतून येतात, कोणताही पक्ष व्यासपीठावरून त्या खाली आणू शकत नाही. पण वीज शुल्क हा राज्याचा कर आहे आणि सवलतीचे अनुदान राज्याच्या तिजोरीतून येते. या दोन गोष्टींवर बोट ठेवा. वहीतून तुमच्या तीन महिन्यांचे युनिट आणि त्यात विणलेल्या टॉवेलांचे किलो काढा, भागाकार करा, एका किलोला विजेचे किती रुपये पडतात ते मोठ्या अक्षरात लिहा. सुताचे, मजुरीचेही असेच काढा. ज्याच्याकडे हा आकडा असतो त्याच्याकडे समितीतले लोक पुन्हा वळून बघतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणात 25 हजार कोटींची गुंतवणूक आणि 5 लाख रोजगारांचे उद्दिष्ट आहे. त्यातले सोलापूरच्या जुन्या साध्या मागांच्या वाट्याला काय, हे विचारायला विसरू नका. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना आपल्या शहराच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे. सोलापुरी चादर म्हणून बाहेरचा माल खपतो तेव्हा त्या मानांकनाचे रक्षण कोण करणार आणि त्यासाठी माणसे-पैसा किती, हे राज्याच्या हातात येऊ शकते.

विडी कामगार बायकांसाठी वेगळी तयारी लागते आणि ती त्यांच्या घरीच करावी. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापलेली चौकोनी पानं, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचे दोन वेढे. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत तिची मान वर होत नसे. मग विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये माल द्यायला गेली की खराब म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जायच्या, त्यांची मजुरी नाही, पान-तंबाखूची घट मात्र तिच्याच अंगावर. म्हणून फक्त "मजुरी वाढवा" म्हणून थांबू नका. हजार विड्यांमागचे किमान वेतन राज्य ठरवते, तेव्हा ते किती, कधी आणि हातात प्रत्यक्ष किती पडते हे तीन आकडे लिहा. प्रत्येकीच्या पासबुकात आठवड्याला किती दिवसांचे काम नोंदले आहे ते पाहा. 1976 पासून विडीवर कल्याण उपकर होता, त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. 2017 मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर संपला. राज्य त्याची भरपाई म्हणून स्वतःचा निधी उभारणार का, हा थेट प्रश्न आहे. आणि तरुण मुली आता विडीत यायला तयार नाहीत, येऊही नयेत. त्यांच्यासाठी शिवणकामाच्या चार मशिनी वाटून भागणार नाही, गारमेंटचे युनिट त्या राहतात त्या शहराच्या पूर्व भागापासून चालत्या अंतरावर हवे, हे ठासून सांगा.

कुंभारीच्या रे नगरचे उदाहरण त्या वेळी जवळ ठेवा. 30 हजार घरांचा असंघटित कामगारांचा प्रकल्प, त्यातल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले कामगारांचे. जागा कुठली, घरे किती, कोणाचा वाटा किती, हे कामगारांनी कागदावर मांडून वर्षानुवर्षे मागे लागून मिळवले. आपल्या मागणीपुढेही हे तीन रकाने असावेत.

पाण्याचा मुद्दा येणारच. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. तरी आपल्या घरात बॅरल भरून ठेवावी लागतात. नदीतून शहराला पाणी पुरवणाऱ्या औजच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी आणायचे तर शहराला लागते त्याच्या कितीतरी पट सोडावे लागते. म्हणून मागणी "रोज पाणी" एवढ्यावर न ठेवता जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र आणि शहरातली जुनी वितरण व्यवस्था यांतले कोणते काम राज्याच्या निधीतून, कोणत्या वर्षात, असे विचारा. ज्या कारखान्यात रंगाई आहे त्याला टँकरचे महिन्याचे किती जातात तो आकडाही द्या. पाणी हा उद्योगाचाच खर्च आहे, आणि तो अर्थकारणाच्या प्रकरणात लिहिला जावा.

कांद्याबद्दल थोडक्यात. निर्यातबंदी केंद्राची असते, डिसेंबर 2023 ची आपण भोगली आहे. राज्याकडे मागायचे ते साठवणुकीच्या चाळीचे अनुदान, बाजार समितीत उघडा लिलाव आणि शेतकऱ्याला त्याच दिवशी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे. कर्जमाफीबद्दल एकच: थकबाकीची तारीख कोणती धरणार हे विचारा. 2019 च्या माफीत 30 सप्टेंबरपर्यंतचे थकीत 2 लाखांपर्यंतचे कर्ज धरले होते, एका तारखेने माणूस आत किंवा बाहेर जातो.

नोकरीचे आकडे ऐकताना सोमवारी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस डोळ्यांसमोर आणा. पाठीवर बॅगा घेतलेली आपली पोरे पुण्याला निघालेली असतात. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किती भूखंड नुसते पडून आहेत याची यादी माहितीच्या अधिकारात मागवता येते. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून अर्ज बैठकीच्या दीड महिना आधी टाका.

बैठकीला कोण बोलणार हे आदल्या आठवड्यात ठरवा. आमच्याकडे आता तिघेच बोलतात आणि विषय वाटून घेतात, म्हणजे तीनाची नऊ मिनिटे होतात. त्यातली एक विडी कामगार असतेच. तिला मराठीपेक्षा तेलुगू सोपी जात असेल तर तिने तेलुगूतच बोलावे, शेजारी उभे राहून कोणीतरी मराठीत सांगावे. आदल्या रात्री मोबाइलवर तीन मिनिटांचा गजर लावून दोनदा म्हणून बघा. निवेदन एका पानाचे, पाच मागण्या, प्रत्येकीपुढे चार गोष्टी: कोणाच्या अखत्यारीत, किती रुपये, कुठून, कोणत्या वर्षात. तीन प्रती काढा. घोषणा, हार, सत्कार यात वेळ घालवू नका, लवकर जाऊन पुढच्या रांगेत बसा.

निघताना एका प्रतीवर समितीतल्या माणसाची सही आणि तारीख घ्या. सही द्यायला कोणी खळखळ केली तर शांतपणे थांबा, मिळते. जाहीरनामा आला की त्याच रात्री आपले पान त्याच्या शेजारी ठेवा आणि कोणती ओळ आत आली ते लाल पेनने मार्क करा. सरकार कोणाचेही आले तरी पुढच्या मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा हेच पान पुन्हा काढायचे आहे, म्हणून ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. आमचे कारखान्याच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात असते, विजेच्या बिलांच्या खाली.