सोलापूरची वाढ उपग्रहातून मोजताना या चुका टाळा

मे महिन्यातली बिनढगांची इमेज उतरवायची, बांधकामाचा निर्देशांक एनडीबीआय काढायचा आणि जे उजळलं ते शहर समजायचं. सोलापूरचा नकाशा बहुतेक वेळा इथेच फसतो. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या इमेजवर हा निर्देशांक (बँड ११ − बँड ८) ÷ (बँड ११ + बँड ८) असा निघतो. बँड म्हणजे प्रकाशाचा एकेक पट्टा: ८ हा जवळचा इन्फ्रारेड, ११ हा लघुतरंग इन्फ्रारेड. बँड ११ मध्ये काँक्रीट जसं उजळ दिसतं, तशीच कोरडी नांगरट आणि मुरमाड माळही दिसतो. उन्हाळ्यात शाळू निघून गेलेला असतो, त्यामुळे मोकळी रानंच्या रानं ‘बांधकाम’ म्हणून मोजली जातात.

उपाय एका इमेजमध्ये नाही, हंगामात आहे. सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या सगळ्या इमेज घ्या, ढगांचे पिक्सेल वगळा (मास्क करा) आणि प्रत्येक पिक्सेलसाठी हिरवेपणाचा निर्देशांक एनडीव्हीआय, म्हणजे (इन्फ्रारेड − लाल) ÷ (इन्फ्रारेड + लाल), याचा ९० वा पर्सेंटाइल, म्हणजे हंगामातला जवळपास सर्वांत हिरवा आकडा, काढा. खरीप, तूर, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास उभी असलेली ज्वारी, यांपैकी कशानेतरी शेत एकदा हिरवं होतंच. घर होत नाही. उंबरठा ०.३ पासून सुरू करून बघा; आकडा त्याखाली राहिला तर ते बांधकाम. झाडं राखलेल्या बंगल्यांच्या भागात घरं निसटतील, तिथे तो थोडा वाढवावा लागतो. २०१८ सारख्या दुष्काळी वर्षात रान हिरवं होतच नाही, म्हणून तीन वर्षं एकत्र धरा. एवढं करूनही होम मैदान, खाणी आणि आटलेल्या तलावाचा तळ उरतो. तो हातानेच पुसायचा, दुसरा मार्ग शोधत बसू नका.

२०२२ नंतर शहर अचानक सुजलेलं दिसलं तर आधी फाइलचं नाव तपासा. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. नावात एन०४०० (N0400) किंवा त्यापुढचा क्रमांक असेल तर ते वजा करावे लागतात. नाही केले तर काय होतं बघा: इन्फ्रारेड ३०००, लाल १०००, म्हणजे एनडीव्हीआय ०.५. वजाबाकी विसरलात की ४००० आणि २००० धरले जातात, आणि तोच आकडा ०.३३ वर येतो. शेत जागेवरच असतं, नकाशावर मात्र ते शहराच्या काठाला टेकतं. गूगल अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह निवडला की ही कटकट मिटते.

सेंटिनेलचा १० मीटरचा पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाचा ३० मीटरचा पिक्सेल जवळपास नऊ गुंठ्यांचा. दोन गुंठ्यांवरचं सुटं घर त्यात विरघळून जातं. म्हणून १९९५ चं लँडसॅट आणि आजचं सेंटिनेल थेट वजा करू नका. दोन्ही वर्षांना लँडसॅटच वापरा.

क्षेत्रफळ काढण्याआधी रास्टर (पिक्सेलचा नकाशा) यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३, या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रक्षेपणात पिक्सेल मोजले तर सोलापूरच्या अक्षांशावर क्षेत्र सुमारे १० टक्के फुगतं.

महापालिकेच्या हद्दीवर नकाशा कापणं ही आणखी एक सवय. कामगारांच्या रे नगर वसाहतीची हजारो घरं कुंभारीत, हद्दीबाहेर उभी राहिली. हद्दीवर कापलंत की ती गायब. शिवाय १९९२ ची हद्दवाढ ध्यानात न घेता जुने-नवे आकडे शेजारी ठेवले तर कागदावरची रेघ सरकली तीही ‘वाढ’ ठरते. आजच्या हद्दीभोवती १० किलोमीटरचा पट्टा (बफर) घ्या आणि तीच चौकट सगळ्या वर्षांना लावा.

एनए (बिगरशेती) लेआउटचं काय? मुरमाचे रस्ते आखलेत, प्लॉट रिकामे. त्यांना वेगळा वर्ग द्या, नाहीतर घर नसताना वस्ती दिसते.

शेवटी अचूकता. प्रत्येकी ९० टक्के अचूक असलेल्या दोन नकाशांच्या वजाबाकीत, चुका स्वतंत्र असतील तर, अचूकता ८१ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून ‘शेताचं बांधकाम झालं’ या वर्गाचे निदान ५० बिंदू यादृच्छिक निवडा आणि गूगल अर्थच्या जुन्या चित्रांवर एकेक तपासा. जुन्या पेठांमधले बिंदू तपासून टक्का छान येतो, पण तिथे बदल झालेलाच नसतो.