मोठ्या संख्येची कुंडली काढताय? या चुका टाळा

संख्या मोठी दिसली की लोक आधी स्प्रेडशीट उघडतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये पहिले 15 अंकच टिकतात, पुढच्या सगळ्यांचं गुपचूप शून्य होतं, एरर वगैरे काही येत नाही.

मागे एका पोराने 12345678901234567 चे गुणधर्म काढून पाठवले, छान टेबल वगैरे करून. सम आहे, 3 ने भाग जातो, 4 ने जातो, 5 ने पण जातो. अरे, शेवटी 7 आहे ना, मग सम कशी असेल! शीट मागवून बघितली तर सेलमध्ये 12345678901234500 बसलेली. त्याच्या खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज 73, शीटमधलीची 60, म्हणजे 3 ने भाग जात होता तो भलत्याच संख्येला, आणि याने सगळे अवयव तिचेच काढत बसून अख्खी संध्याकाळ घालवलेली. मी शीटमध्ये संख्या ठेवलीच तर सेल आधी टेक्स्ट करतो आणि हिशोब पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत करतो. तिथेही भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत तर उत्तर दशांशात जाऊन परत तेच होतं, दोन द्या.

दुसरी चूक म्हणजे घाईने "मूळ संख्या आहे" म्हणून मोकळं होणं. 2, 3, 5, 7, 11, 13 ने भाग गेला नाही की झालं यांचं! 4294967297 घ्या, म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. फर्मा या गणितज्ञाला ही मूळ वाटत होती, 1732 मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने दाखवलं की 641 × 6700417. शंभरपर्यंत बघून थांबणाऱ्याला 641 कधी सापडणारच नाही. वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या, इथे वर्गमूळ साधारण 65536, आणि एवढा कंटाळा असेल तर निदान "मूळ आहे" असं ठामपणे लिहू तरी नका.

विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात 1 मिळवायचा राहतो. 360 = 2³ × 3² × 5, घातांक 3, 2 आणि 1, म्हणून विभाजक 4 × 3 × 2 = 24.

4 ने आणि 6 ने भाग गेला म्हणून 24 ने जाईलच असं नाही, 12 बघा.

अंकांच्या बेरजेची युक्ती 3 आणि 9 साठी आहे, 7 ला लावू नका.

अवयव काढून झाले की मी हाताने ताळा करतो, शॉर्टकटवाल्यांना हेच नको असतं. एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायची: 641 ची 11, म्हणजे 2. 6700417 ची 25, म्हणजे 7. गुणाकार 14, म्हणजे 5. 4294967297 ची 59, मग 14, मग 5. जुळलं. पण अंकांची अदलाबदल झाली असेल तर हे पकडत नाही, म्हणून शेवटचे दोन अंक पण गुणून बघतो, 41 × 17 = 697, शेवटी 97, 4294967297 च्या शेवटीही 97.