सेंद्रिय खत थेट टाकीत ओतू नका

मातीविना, टाकीतल्या पाण्यावर सेंद्रिय भाजी वाढवताना खताचा अर्क एकदम पाण्यात ओतू नका. त्यातला बराचसा नायट्रोजन मुळांना लगेच घेता येत नाही. जिवाणू आधी त्याचा अमोनिया आणि मग नायट्रेट करतात. मातीत हे जिवाणू असतातच, टाकीत त्यांना घर द्यावं लागतं. म्हणून भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र गोळ्या वापरा, एअर पंप अखंड चालू ठेवा. जिवाणू स्थिरावायला काही आठवडे लागतात, तोवर गाळलेला अर्क थोडाथोडाच द्या. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ६.५च्या आसपास बरा. टाकी झाकलेली हवी, नाहीतर शेवाळ धरतं. कुजका वास आला तर ऑक्सिजन कमी पडतोय असं समजा: खत थांबवा, अर्धं पाणी बदला. सुरुवात पालेभाज्यांपासूनच करा. टोमॅटोची भूक फार मोठी असते.