गोपनीय शिक्क्याची फाईल कशी मागावी

आमच्या चिमूर भागात 16 ऑगस्ट 1942 च्या, 'चले जाव' चळवळीतल्या उठावाबद्दल बोलायला म्हातारी माणसं पुष्कळ, पण सरकारी कागद मागा, की बाबू म्हणतो, "भाऊ, ते गोपनीय आहे." यावर हुज्जत घालू नका. माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(3) अर्जातच लिहा: 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार, मंत्रिमंडळाचे कागद असे मोजके अपवाद सोडून, द्यावीच लागते. "आमच्याकडे नाही" म्हणाले तर 6(3) दाखवा. अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचंच काम. पोच मात्र शिक्क्यासकट घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पहिलं अपील.

पण खरी गोम वेगळीच. तेव्हा आपण मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला, तशी दप्तरंही विखुरली. नागपूरच्या पुरालेखागारात नसलेलं भोपाळला विचारा; तेव्हाच्या भारत सरकारच्या गृह विभागाच्या राजकीय फाइली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. सूचीत "चंद्रपूर" शोधून काही हाती लागत नाही, जिल्ह्याचं तेव्हाचं नाव "चांदा" शोधा.

"1942 ची सगळी माहिती द्या" असं कधीच लिहू नका, अर्ज हमखास परत येतो. विभाग, साल, जिल्हा लिहा आणि आधी प्रत नको, पाहणी मागा. बस्ता, म्हणजे फाइलींचं गाठोडं, सुटला की पहिल्या पानाआधी फाइलीचं पाठकव्हर पाहा: तिथं पेन्सिलीनं दुसऱ्या फाइलीचा नंबर असला, तर तो उतरवून घ्या. पुढचा अर्ज त्याच नंबरानं टाका.