कोरियात मुलांना इंग्रजी शिकवायला जाताय? या चुका टाळा

सुवॉन शहरातल्या एका हागवॉनमध्ये मी दोन वर्षं शिकवलं. हागवॉन म्हणजे आपल्याकडचे खाजगी क्लासेस. शाळा सुटली की मुलं तिथे येतात. त्या दोन वर्षांत नवीन शिक्षक वर्गात कमी आणि वर्गाबाहेर जास्त अडलेले पाहिले. कुणाचा करार अंगाशी आला, कुणाचा बॉयलर गोठला, कुणाचा कचरा दारात परत आला. तिथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला नियम आहे, पण तो आपणहून कुणी सांगत नाही. सगळ्यांना ठाऊकच असणार, असं धरून चालतात. त्यामुळे पहिले तीन महिने न लाजता विचारत राहायचं. मला हे उशिरा कळलं, म्हणून लिहिते आहे.

पासपोर्टचा नियम न बघता तयारीला लागणं

ओळखीच्या मुलामुलींचे सगळ्यात जास्त प्रश्न याबद्दल येतात. हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी ई-२ व्हिसा लागतो, आणि तो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो. इंग्रजी कितीही उत्तम असलं, तरी भारतीय पासपोर्टवर हागवॉनचं दार बंद आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्याखाली पात्र भारतीय शिक्षकांना शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाव आहे, पण तो रस्ता वेगळा आणि अरुंद आहे. एखादा एजंट भारतीय पासपोर्टवर हागवॉनची नोकरी देतो म्हणाला, तर पैसे देऊ नका. विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर चोरून शिकवणं तर मुळीच नको. माझा जन्म नाशिकचा, पण वाढले कॅनडात आणि नागरिकत्वही तिथलंच, म्हणून मला जाता आलं.

पदवी आणि पोलिसांचा दाखला यांवर अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का लागतो. त्याला आठवडे जातात, तेव्हा तिकीट शेवटी काढा.

पगाराचा आकडा बघून सही करणं

करारात आधी तास बघा. ‘आठवड्याला ३० तास शिकवणं’ असं लिहिलेलं असतं, आणि आपण त्याचा अर्थ दिवसाला सहा तास असा घेतो. पण तास ४० मिनिटांचा असेल आणि शिकवलेली मिनिटंच मोजली जात असतील, तर ३० तासांचे ४५ वर्ग होतात, म्हणजे दिवसाला नऊ. त्यातच वह्या तपासणं आणि पालकांसाठी शेरे लिहिणं. म्हणून आठवड्याला वर्ग किती, हे विचारा आणि आकडा करारात घालून घ्या.

दुसरं, मुदत. सलग एक वर्ष काम पुरं झालं की साधारण एका महिन्याच्या सरासरी पगाराएवढी रक्कम कायद्याने मिळते. तिला त्वेजिकगुम म्हणतात. आपल्या ग्रॅच्युइटीसारखी समजा. करार अकरा महिन्यांचा असेल तर हा हक्क जातो.

तिसरी गोष्ट पगाराच्या चिठ्ठीवर दिसते, आणि तिच्यात माझी मैत्रीण अडकली. निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा यांच्या कपातीऐवजी तिच्या चिठ्ठीवर नुसती ३.३ टक्के कपात असायची. तिला वाटलं, बरं झालं, हातात जास्त पडतंय. प्रत्यक्षात मालकाने तिला नोकर न दाखवता स्वतंत्र व्यावसायिक दाखवलं होतं. असं केलं की विमा आणि निवृत्तिवेतनातला मालकाचा निम्मा वाटा त्याला भरावा लागत नाही. घोटा मोडून दवाखान्यात गेली तेव्हा सातव्या महिन्यात हे उघडकीला आलं. कामगार खात्याच्या १३५० या क्रमांकावर आम्ही दोघींनी फोन केला, कागद दाखवले, आणि क्लासने मागची रक्कम भरली. कागद जपून ठेवलेले होते म्हणून हे जमलं. करार, प्रत्येक महिन्याची चिठ्ठी आणि रोजचे वर्ग लिहिलेली वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

शिकवण्या घेऊन वरकड पैसे मिळवण्याचा मोह अनेकांना होतो. ई-२ वर ते बेकायदा आहे आणि त्यापायी देश सोडावा लागू शकतो.

नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिणं

आल्यापासून ९० दिवसांच्या आत परदेशी रहिवासी म्हणून नोंदणी करून कार्ड घ्यावं लागतं. कार्ड हातात येईपर्यंत नावावर साधा मोबाइल करारही होत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात इमिग्रेशन कार्यालयाची वेळ घ्या. खरी गोची आपल्या मराठी नावांमुळे होते. पासपोर्टवर स्वतःच्या नावामागे वडिलांचं नाव असतं. कोरियन नावं बहुतेक तीन अक्षरांची, त्यामुळे बँकेतला माणूस आपलं लांब नाव जागा पुरेल तसं कापतो आणि मोबाइलवाला सगळं जोडून लिहितो. मग ऑनलाइन ओळख पटवताना यंत्रणा नकार देते आणि कारण सांगत नाही. नाव कार्डावर जसं आहे तसंच, मधल्या रिकाम्या जागेसकट, बँकेत आणि फोनच्या दुकानात लिहून घ्या. चुकलं असेल तर कार्ड घेऊन दोन्हीकडे समक्ष जा. फोनवरून हे सुटत नाही.

जानेवारीत बॉयलर बंद करून जाणं

घरं ओन्दोल पद्धतीची, म्हणजे जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या. थंडीत पारा उणे दहाच्या खाली जातो. गॅस वाचवायचा म्हणून बॉयलर पूर्ण बंद करून सुट्टीला गेलात, तर नळ्या गोठतात आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या माथी येऊ शकतं. भिंतीवरच्या नियंत्रकावर ‘वेचुल’, म्हणजे बाहेर गेल्याचं, बटण असतं. ते लावा. कडाक्याच्या रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवतात.

कचऱ्यासाठी १९९५ पासून पैसे भरून विकत घ्यायच्या पिशव्या आहेत, आणि एका भागाची पिशवी दुसऱ्या भागात चालत नाही. ओला कचरा वेगळा, पण आपला ‘ओला’ आणि त्यांचा ‘ओला’ एक नाही. जनावर खाऊ शकेल तेच त्यात. अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याची कोय, कांद्याची वरची सालं हे सगळं साध्या कचऱ्यात जातं. माझी पहिली पिशवी घरमालकीणबाईंनी दारात परत आणून ठेवली होती. मग त्यांनीच जमिनीवर बसून मला एकेक वस्तू वेगळी करून दाखवली.

वर्गातली शांतता चुकीची वाचणं

‘समजलं का?’ विचारलं की वर्ग एका सुरात ‘येस’ म्हणतो. त्यावर विसंबू नका. करून दाखवायला सांगा. रागावल्यावर मूल मान खाली घालतं, ते आदराने. कॅनडातून आलेला माझा सहकारी ‘माझ्याकडे बघ’ म्हणत राहिला आणि मुलगी रडू लागली. आपल्याकडेही मोठ्यांच्या नजरेला नजर भिडवत नाहीत, म्हणून ती का रडली हे मला कळलं. मुलं नावाने न बोलावता नुसतं ‘टीचर’ म्हणतात, तेही आपल्या ‘बाई’सारखंच. मुलाचं नाव मात्र लाल शाईने कधीच लिहू नका. तिथे त्याचा संबंध मृत्यूशी जोडतात.

चुकांचं मूळ समजून घ्या. ‘लंच’चं ‘लन्ची’ होतं, कारण कोरियनमध्ये ‘च’वर शब्द संपत नाही. एका शब्दाला एकच टाळी, हा खेळ आठवडाभर खेळल्यावर फरक पडायचा. ‘फ’च्या जागी ‘प’ येतो, तिथे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून दाखवा. पण आधी आपलं तपासा. ‘व्हेरी’ आणि ‘वेरी’ आपण मराठी माणसं एकच म्हणतो, आणि मुलं ऐकतील तसंच उचलतात.

‘आय ॲपल ईट’ म्हणणारं मूल निष्काळजी नसतं. कोरियनमध्ये क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं आणि ‘अ’, ‘द’सारखी उपपदंही नाहीत. मी हे वाक्य मराठीत फळ्यावर मांडून शब्दांच्या जागा बदलून दाखवायचे, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकायची. हांगुल लिपी शिकायला तर आठवडाभर पुरे. १४४६ साली राजा सेजोंगने ती जाहीर केली. स्वर-व्यंजन जोडून एकेक अक्षर बनतं, त्यामुळे बाराखडी घोटलेल्याला ती परकी वाटत नाही. लिपी आली की औषधाच्या दुकानाची पाटीही वाचता येते.

काही पालक माझा रंग बघून विचारायचे, तुम्ही खरंच कॅनडाच्या? ते लागायचं. जन्म नाशिकचा, शाळा कॅनडातली, असं मी सरळ सांगायचे आणि त्यांना वर्ग बघायला बोलवायचे. बहुतेकांचं शंकानिरसन पहिल्याच तासात झालं.

‘शाकाहारी’ एवढं सांगून भागेल असं समजणं

किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशांचा रस असतो, भाजीच्या रश्शात सुकी मासळी. ‘मांस नको’ म्हटलं तरी मासे येतात, म्हणून मासे आणि हॅम वेगळे सांगा. बिंदेत्तोक हे मुगाचं धिरडंच, पण त्यात डुकराचं मांस घालतात का ते विचारून घ्या. तिथला भात इंद्रायणीसारखा चिकट, त्यामुळे वरणभात छान होतो. तूरडाळ आणि हिंग मला सोलमध्ये इतेवॉनच्या मशिदीजवळच्या दुकानांत मिळायचे. रात्री साडेआठला क्लास सुटायचा, तेव्हा नाशिकला संध्याकाळचे पाच वाजलेले असायचे. कुकर लावून आजीला फोन केला की ती पहिलं हेच विचारायची, शिट्ट्या किती झाल्या?