नवरदेवाच्या मागे कोण उभं राहणार, आणि कुठल्या फेट्यात

लग्नसराईत मला येणारे निम्मे फोन असेच: "दादा, पन्नास फेटे लागतील, भगवे." पन्नास कुणाकुणाला, असं विचारलं की "ते बघू" म्हणतात. आता फेटे बांधणं हे माझं पोट, जास्त बांधले तर माझाच फायदा. तरी सांगतो, आधी माणसं ठरवा, मग रंग.

पहिली करवली. सख्खी बहीण असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर चुलत-मामे बहीण. मंगलाष्टकं चालू असताना तिला कऱ्हा नाहीतर दिवा धरून मागे उभं राहायचं असतं, आणि आत्या-मावश्यांनी आपापली रचलेली अष्टकं म्हणायला घेतली की हात भरून येतो. दम धरणारी पोरगी निवडा. हल्ली करवल्याही फेटा बांधून घेतात. शोभतो. फक्त अंबाडा मानेवर, खाली घालायला सांगा. डोक्यावर उंच अंबाडा असला तर फेटा बसतच नाही. हातात पेटता दिवा असेल तर मी तिचा शेमला, म्हणजे फेट्याचं मागे लोंबणारं टोक, मोकळा सोडत नाही, आत खोचतो.

मग मित्र. चार पुरे. एकाकडे पाकीट, मोबाईल आणि कट्यार, कारण शेरवानीला कामाचा खिसा नसतो. एक बुटांवर लक्ष ठेवणारा, नाहीतर मेहुण्या सोडत नाहीत. एक वरातीत घोड्याजवळ चालणारा, आणि हा नाचणारा नको. चौथा गुरुजी आणि फोटोवाला यांच्यात निरोप नेणारा. संध्याकाळपासून बसणारा मित्र कितीही जिवाचा असो, यातलं काम त्याला देऊ नका; त्याला फेटा तेवढा बांधा, खूश राहील.

मानाचे फेटे वेगळे मोजा: वडील, काका, मामा, व्याही, नवरीचे मामा. मामाला सगळ्यात आधी बसवा. पोरांचे फेटे बांधून झाल्यावर मामाची आठवण झाली, तर तो रुसवा बारशापर्यंत टिकतो.

रंगाचं माझं मत असं: नवरदेवाचा एक, मानाचा दुसरा, मित्रांचा तिसरा. सगळेच भगवे केले तर फोटोत नवरदेव शोधावा लागतो. एप्रिल-मेचं लग्न असेल तर सुती कापडच घ्या. सॅटिन चमकतं, पण आत डोकं शिजतं आणि कापड घसरतं. स्वस्तातलं गडद कापड आदल्या दिवशी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमालाला रंग लागला तर वरातीत घामाबरोबर तोच रंग कपाळावरून कुर्त्यावर उतरणार. आणि हो, फेटा म्हणजे पगडी नव्हे. पुणेरी पगडी तयार मिळते, २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. फेटा डोक्यावरच बांधावा लागतो, म्हणून वेळ लागतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. एका डोक्याला चार मिनिटं धरा. पंचवीस फेट्यांना एकट्याचे शंभर मिनिटं जातात, दोघे असू तर पन्नास. वरात नऊला निघायची असेल तर मला सातला खुर्ची, उजेड आणि घडी घालताना कापडाचं दुसरं टोक धरायला एक पोरगा द्या. कुर्ता आधी घालून या. फेटा बांधल्यावर डोक्यातून कुर्ता घालायला बघणारे दरवेळी एक-दोघे भेटतातच. केसांना तेल नको. चष्मा असेल तर लावूनच बसा, म्हणजे कानापाशी त्याच्या बेताने पट्टी घेता येते.

कुर्ते सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातून आणू नका. एकाला पोटात होत नाही, दुसऱ्याच्या अंगात लोंबतो. ज्याचा त्याने पांढरा कुर्ता घालावा, फेटा सारखा असला की जमलं. नव्या कोल्हापुरी चपला मात्र आठवडाभर आधीपासून घरात घालून फिरा, चावतात.

जेवताना फेटा काढायचा झाला तर शेमला धरून ओढू नका. दोन्ही हातांनी बाजूंनी धरून टोपीसारखा वर उचला आणि टेबलावर ठेवा, रिसेप्शनला तोच पुन्हा चढतो. भाड्याचे असतील तर त्याच रात्री मोजून एका पिशवीत भरा, आणि पिशवी त्या न नाचणाऱ्या मित्राकडे द्या.